चाळीस दिवसांचा तपास

फेब्रुवारी संपत आला की तासगावहून सांगलीला येणाऱ्या एसटीत गंधकाचा वास शिरतो. रस्त्याच्या कडेने बेदाण्याची शेडं असतात, हिरव्या जाळीने झाकलेली. आत जाळ्यांच्या थरांवर थर द्राक्षं वाळत पडलेली असतात आणि त्यांचा रंग टिकावा म्हणून त्यांना गंधकाची धुरी देतात. तो वास घशात बसतो. त्याच्यामागून द्राक्षांचा गोड, किंचित आंबूस वास येतो. दोन्ही वास एकत्र आले की मला कॅलेंडर बघावं लागत नाही. आमचा उपवासकाळ सुरू झालेला असतो.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस. चर्चमध्ये वेदीवर जांभळं कापड येतं, लग्नं होत नाहीत, आणि ज्याने त्याने आपल्या आवडीची एखादी गोष्ट सोडायची असते. कुणी मटण सोडतं, कुणी मालिका. मी माझ्या वहीत ते दरवर्षी लिहून ठेवते. गेली तीन वर्षं त्या पानावर ‘चहा’ असं आहे. त्याआधीच्या सगळ्या वर्षांना एकच शब्द आहे: ‘पुस्तकं’. मी पुस्तकं सोडायचं का बंद केलं, ते या दिवसांत मला रोज आठवतं.

पुस्तकं म्हणजे कुठली, ते सांगायला हवं. आमच्या चर्चच्या हॉलमध्ये एक लोखंडी कपाट आहे. परदेशी गेलेल्या एका कुटुंबाने आपल्या इंग्रजी कादंबऱ्या जाताना मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चला, दिल्या. पुढे ओळखीपाळखीतून भर पडत गेली. कपाटाची किल्ली आणि यादी माझ्याकडे. मी एका दवाखान्याचं स्टोअर सांभाळते, हातमोज्यांपासून सलाईनपर्यंत सगळं माझ्या यादीत असतं. त्यामुळे किल्ल्या आणि याद्या माझ्याकडे न मागता येतात.

कादंबऱ्या दोन प्रकारच्या. रहस्याच्या आणि प्रेमाच्या. दोन्ही ख्रिस्ती आणि दोन्ही अगदी स्वच्छ, कुणाच्याही हातात द्याव्यात अशा. त्यांतल्या गावात बहुतेक वेळा बर्फ पडत असतो. एक बाई बेकरी चालवत असते, नाहीतर गोधड्यांचं दुकान. अकराव्या-बाराव्या पानावर कुणीतरी मरतं, पण रक्त फारसं सांडत नाही, आणि मेलेला माणूस असा निवडलेला असतो की वाचणाऱ्याचं जेवण अडत नाही. पोलिस अधिकारी देखणा आणि विधुर असतो, बायको गेल्यापासून चर्चला जायचा थांबलेला. बेकरीवाली बाई काहीतरी भाजून डब्यात भरते आणि साक्षीदारांच्या घरी जाते. खाता खाता माणसं खरं बोलतात. दोनशेव्या पानाच्या आगेमागे तो अधिकारी एका रविवारी चर्चच्या मागच्या बाकावर येऊन बसतो आणि गुडघे टेकतो. गुन्हेगार रडतो, पश्चात्ताप करतो. शेवटून दुसऱ्या पानावर एकच चुंबन, तेही अंगठी दिल्यानंतर.

लोक हसतात या पुस्तकांना. मी नाही हसत. दिवसभर कालबाह्य औषधं आणि हरवलेल्या चादरी यांच्याशी भांडून आलेल्या बाईला, सगळा हिशेब शेवटी जुळणारं जग मिळालं तर तिने का घेऊ नये? सांगलीच्या उन्हाळ्यात पंख्याखाली ओली चादर टांगून मी बर्फाची वर्णनं वाचलेली आहेत. ती मला थंड वाटली आहेत.

हे सगळं मी एकटीने वाचत नव्हते. माझी धाकटी बहीण एस्तेर तासगावला शाळेत इंग्रजी शिकवते. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई लवकर गेली, त्यामुळे तिची वेणी घालण्यापासून तिच्या नोकरीचा अर्ज तपासण्यापर्यंत सगळं मी केलं. शनिवारी दुपारी ती माझ्याकडे यायची. प्रेमाचं पुस्तक आधी ती वाचायची, रहस्याचं आधी मी. मग अदलाबदल. एकच नियम: गुन्हेगार कोण ते सांगायचं नाही. वर्षानुवर्षं आम्ही तो पाळला. बाकी आमच्यात न सांगितलेलं काही नव्हतं. निदान मी तसं धरून चालले होते.

एकदा आम्ही त्या पुस्तकांतले दालचिनीचे रोल करायला घेतले. घरात ओव्हन नव्हता, म्हणून कुकरची शिटी काढून, आत वाळू घालून. वर कच्चे आणि खाली कोळसा. एस्तेर पोट धरून हसली. म्हणाली, “अक्का, यावरून कुणी खरं बोलणार नाही. दवाखान्यात मात्र जाईल.”

तिला एकोणचाळिसावं लागलं तेव्हा तिच्या आयुष्यात संपत नावाचा माणूस आला. मंडळ्यांच्या एका शिबिरात ओळख झाली. माण तालुक्यातल्या धनगर घरातला, अठरा वर्षं फौजेत काढून आलेला, मलकापुरात एका शाळेची बस चालवणारा. फौजेच्या दवाखान्यात मरता मरता वाचला, तिथे कुणीतरी त्याच्या उशाशी बसून प्रार्थना केली, आणि पुढे त्याने बाप्तिस्मा घेतला. घरी पहिल्यांदा आला तेव्हा खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता.

“आवं अक्का, मी लय बोलत न्हाई,” तो म्हणाला. “एस्तेर बोलंल माझ्या वाटचं.”

“तिच्या वाटचं तर मीच बोलत आले इतकी वर्षं,” मी म्हटलं.

“मग माझं कुनी ऐकायचं न्हाई म्हना की या घरात.”

एस्तेर हसली. तिचं तसं हसणं मी कुकरच्या रोलनंतर पाहिलं नव्हतं.

लग्न ईस्टरनंतरच्या आठवड्यात ठरलं. आमच्यात लग्नाआधी सलग तीन रविवार मंडळीपुढे दोघांची नावं वाचतात आणि विचारतात की या लग्नाला कुणाला काही अडथळा माहीत आहे का. सगळे गप्प बसतात. गप्प बसणं हाच तिथला आशीर्वाद असतो. आमच्याकडे नावं वाचायची होती ती उपवासकाळाच्या शेवटच्या तीन रविवारी.

त्या वर्षी राखेच्या बुधवारी मी नेहमीप्रमाणे कपाटाला कुलूप लावलं. आणि पहिल्याच आठवड्यात माझे हात रिकामे झाले.

आज मागे पाहताना मला हे अगदी स्वच्छ दिसतं, स्टोअरमधल्या फळीवरचा माल दिसावा तसं. वर्षाला चाळीसेक रहस्यं सोडवणारं डोकं. त्याला खाद्य बंद झालं. ते समोर असेल त्याच्यावर कामाला लागलं. समोर संपत होता.

वहीत मी एक पान काढलं. महिन्यातला एक रविवार तो मलकापूरच्या मंडळीत नसतो. शनिवारी दुपारी दहिवडीच्या गाडीला बसलेला असतो. त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाच्या शिवणीत पिवळं काहीतरी बसलं आहे, धुतलं तरी न गेलेलं. आमच्याकडे जेवायला आला असताना फोन आला, तेव्हा अंगणात जाऊन बोलला, “रविवारी येतुय. नारळ मी आनतो.” प्रत्येक ओळीला मी क्रमांक दिला. वाचून पाहिलं. मला, देवाशप्पथ, मजा येत होती.

एका सुट्टीच्या दिवशी मी नानकटाई केली, डब्यात भरली आणि विट्यावरून दहिवडीची गाडी धरली. यजमानांना म्हटलं, मैत्रिणीकडे जाते. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “जा. भिंग घेतलंस का?” त्यांना माझी वही ठाऊक होती.

विट्याच्या पुढे झाडं कमी होत जातात आणि आभाळ वाढत जातं. दहिवडीहून पुढे माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपने मी त्याच्या वाडीवर पोचले. त्याचं घर सापडायला वेळ लागला नाही. दारात चार मेंढरं होती आणि एक म्हातारी भिंतीला टेकून लोकर पिंजत होती. पावलांचा आवाज ऐकून तिने तोंड वर केलं. डोळे दुधासारखे.

“कोन हाय?”

“तपासणीला आले आजी. सरकारी दवाखान्यातनं.”

हे खोटं इतक्या सहज तोंडातून निघालं, की जणू मी ते पाठ करून आले होते. खरं तर केलंच होतं.

म्हातारीने मला सावलीत बसवलं. शेळीच्या दुधाचा चहा स्वतः चाचपडत केला. माझी नानकटाई हिरड्यांनी चघळत खाल्ली आणि म्हणाली, “लय गोड हाय गं.” मग विचारावंही लागलं नाही. “डोळं गेलं बघ माझं. प्वारगं येतंय म्हैन्याला, हाताला धरून मला देवाफुडं नेतंय. नारळ फोडतंय. भंडारा लावतंय माझ्या कपाळाला. आता ते दुसऱ्या देवाचं झालंय, मला सांगितलंय त्यानं, चोरून न्हाई केलं कायबी. मी म्हनलं, तुजा देव तुला, माजा मला. पर मला न्यायला कोन हाय दुसरं?”

मी नाडी बघत असल्यासारखा तिचा हात धरून ठेवला होता.

“आता लगीन हाय त्याचं,” ती म्हणाली. “मास्तरीन हाय पोरगी. हितं यिऊन गेली. माझ्या पायाला तेल लावून गेली. म्हनली, आत्या, लगीन झाल्यावर दोघं मिळून न्हिऊ तुमाला.”

म्हणजे एस्तेरला माहीत होतं. ती या ओट्यावर बसून गेली होती. घरी परतून, शनिवारी माझ्यासमोर जेवून, भांडी घासून, मला एका शब्दाने बोलली नव्हती.

या ठिकाणी मला स्वतःची बाजू घेता आली असती. मी म्हणू शकले असते की मला श्रद्धेची काळजी वाटली, मंडळीच्या नियमांची चाड वाटली. पाळकसाहेबांना मी तेच सांगितलं. पण परतीच्या गाडीत माझ्या मनात देव नव्हता. एवढंच होतं की तिने मला सांगितलं नाही. जिची वेणी मी घातली, ती माझ्या पाठीमागे एका आंधळ्या म्हातारीची सून होऊन आली होती, आणि मला ते बस बदलत, डबा घेऊन, खोटं बोलून शोधून काढावं लागलं होतं.

पहिल्या रविवारी नावं वाचली तेव्हा मी गप्प बसले. दुसऱ्या रविवारी सकाळी, उपासनेच्या अर्धा तास आधी, पाळकसाहेबांच्या खोलीत गेले आणि वही त्या पानावर उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

नावं वाचली गेली नाहीत. उपासना झाल्यावर संपतला आत बोलावलं. नोंदी लिहायचं काम माझ्याकडे म्हणून मंडळीच्या पंचांच्या बैठकीत मी असतेच, तशी त्या दिवशीही कोपऱ्यात होते. एस्तेर बाहेर बाकावर. उघड्या खिडकीतून तिच्या साडीचा काठ दिसत होता.

“खरं आहे का हे?” पाळकसाहेबांनी विचारलं.

“व्हय साहेब.”

“तू हात जोडतोस तिथे?”

“न्हाई. मी फकस्त नारळ फोडतो.”

एक पंच जरा उपहासाने म्हणाले, “हात जोडत नाहीस, मग नारळ कशाला रे बाबा?”

संपतने त्यांच्याकडे पाहिलं. “तिला दिसत न्हाई, साहेब. नारळ फुटल्याचा आवाज ऐकू येतो तिला. मंग तिला कळतं की झालं.”

पुस्तकात असतं तर इथे कुणीतरी उठलं असतं. पाळकसाहेब वाईट माणूस नव्हते, त्यांनी चष्मा काढून पुसला. पण नियम त्यांच्या हातात होता, आणि पान माझ्या अक्षरातलं होतं. ते म्हणाले, “इथून पुढे जाणार नाही एवढं लिहून दे. पुढच्या रविवारी नावं वाचतो.”

आमच्या कादंबऱ्यांत तो देखणा अधिकारी दोनशेव्या पानावर गुडघे टेकतो. मी वाट पाहत होते. संपत उठून उभा राहिला, फौजेत उभे राहतात तसा.

“आई हाय तवर जानार साहेब. लिहून दिऊन खोटं कशापायी बोलू?”

तो बाहेर गेला. खिडकीतला साडीचा काठ त्याच्यामागे गेला. तिसरा रविवार आला नाही. म्हणजे आला, झावळ्यांचा रविवार होता, लहान मुलं झावळ्या हलवत गात आली, पण ती दोन नावं कुणी घेतली नाहीत.

कुणी सांगितलं हे पाळकसाहेबांनी उघड केलं नव्हतं, आणि पान वहीतच होतं. मला वाटलं होतं, माझं नाव यात येणार नाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तीन तासांच्या उपासनेनंतर एस्तेर माझ्या घरी आली. पर्समधून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. नानकटाईचा. मी तो म्हातारीकडेच सोडून आले होते, कारण ती म्हणाली होती, एक ऱ्हाऊ दे संपतसाठी. माझ्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर मी नाव घालून घेतलेलं आहे, वाटी-चमच्यावरसुद्धा, हरवू नये म्हणून. झाकणाच्या कडेला माझं पूर्ण नाव होतं, आडनावासकट, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. म्हातारीला दिसलं नाही. संपतला दिसलं.

“तुझा डबा,” एस्तेर म्हणाली.

मी म्हटलं, “तू मला सांगायला हवं होतंस.”

“सांगणार होते. लग्न झाल्यावर.”

“मला का नाही आधी?”

“तू लिहून ठेवलं असतंस,” ती म्हणाली आणि गेली.

त्यानंतर संपतने स्वतःच पाऊल मागे घेतलं. एस्तेर त्याच्यासाठी मंडळी सोडायला तयार होती. तो नको म्हणाला. ज्या घराने माझी चोरासारखी चौकशी केली त्या घरापासूनही तुला माझ्यामुळे तोडायचं नाही, असं काहीतरी त्याने तिला सांगितलं. मला हे बऱ्याच उशिरा कळलं, दुसऱ्याकडून. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी म्हातारी गेली. आई आहे तोवर जाणार असं तो म्हणाला होता. ते ‘तोवर’ अवघ्या सात महिन्यांचं निघालं. सात महिने मी गप्प बसले असते तर अडथळा म्हणून कुणापुढे ठेवायला काही उरलंच नसतं. पण मरण्याआधी म्हातारीने नात्यातली एक मुलगी पसंत करून ठेवली होती, आणि आईचा शेवटचा शब्द संपतने मोडला नाही. तो तसा मोडणारा नव्हताच. माझ्या पानावर हेच तर पुराव्यानिशी लिहिलेलं होतं.

एस्तेरशी भांडण झालं नाही. नाताळला ती येते, मुलांसाठी काही ना काही आणते, माझी तब्येत विचारते. शनिवारी येत नाही. माझ्या कामांच्या यादीत ‘एस्तेरला भेटून बोलणे’ ही ओळ तीन वर्षं एका पानावरून पुढच्या पानावर जात राहिली. बाकी सगळ्या ओळींवर रेघ पडत गेली.

यंदा उपवासकाळाच्या तिसऱ्या शनिवारी मी गेले. कपाटात नवी आलेली तीन पुस्तकं बरोबर घेतली. तिची खोली शेडांच्या रस्त्यालाच आहे. सकाळी ढग आले होते, त्यामुळे माणसं शेडच्या कडेने ताडपत्र्या ओढत होती. ओला वारा बेदाण्याला लागू द्यायचा नसतो. तासाभराने ऊन पडलं आणि त्यांनी त्या पुन्हा गुंडाळल्या.

“चहा ठेवू?” एस्तेरने विचारलं.

“सोडलाय.”

“चहा? पुस्तकं नाही?”

“नाही. पुस्तकं आता सोडत नाही.”

तिने लिंबाचं सरबत केलं. माझ्या सवयीप्रमाणे साखर कमी. तिच्या केसांत कानाजवळ पांढरं आलं आहे. मी ठरवून आलेलं वाक्य बोलले. मी चुकले, आणि तुझ्या काळजीने नाही, रागाने केलं. वाक्य छोटं होतं. गाडीत तीनदा म्हणून पाहिलं होतं.

“माहिती आहे,” ती म्हणाली. “मी माफ केलंय अक्का. केव्हाच. तू मनाला लावून घेऊ नकोस.”

मला हलकं वाटलं. खरंच वाटलं. मी पिशवीतून पुस्तकं काढून तिच्यापुढे ठेवली. वरच्या पुस्तकावर बर्फातलं दुकान होतं, खिडकीत पिवळा दिवा. तिने त्याच्यावरून बोट फिरवलं आणि तिन्ही पुस्तकं नीट एकावर एक रचून माझ्याकडे सरकवली.

“ही ने परत.”

“वाचलीस?”

“मला वाचता येत नाहीत आता. मी दोनदा करून बघितलं. सुरुवात बरी जाते. मग ती बाई काहीतरी भाजते, डबा भरते आणि चौकशीला निघते, आणि मला पुढचं पान उलटवत नाही. ज्याचं दार ती वाजवणार त्याच्यासाठी मला भीती वाटायला लागते.” ती हे अगदी साधेपणाने सांगत होती, शाळेतला निकाल सांगावा तसं. “प्रेमाची तर नकोतच. संपतचं लग्न झालं, बरं झालं, त्याला मूलही झालंय. त्याचं मला आता फार वाटत नाही. पण ही पुस्तकं मला आवडायची अक्का. शनिवारची मी वाट बघायचे.”

मी म्हटलं, दुसरी काही आणीन. ऐतिहासिक.

“नको,” ती म्हणाली. “आता मी संध्याकाळी चालायला जाते.”

स्टँडपर्यंत सोडायला ती आली. गाडी लागलेली होती. मला खिडकीजवळ जागा मिळाली की नाही ते तिने बाहेरून वाकून पाहिलं, हात हलवला आणि गाडी हलायच्या आधीच वळली.

सांगली तासाभरावर. पिशवी मांडीवर होती. काही वेळ मी बाहेर पाहिलं. हिरव्या जाळ्या, मध्येच एखाद्या शेडमधून निघणारी पांढरी धुरी. मग मी वरचं पुस्तक काढलं. गावात बर्फ पडत होता. बेकरीवाल्या बाईने जर्दाळूचा केक केला, डब्यात भरला आणि खून झालेल्या घराच्या शेजारणीचं दार वाजवलं. पुढे काय होणार ते मला कळावं म्हणून मी भराभर पानं उलटत गेले. कवलापूर यायच्या आत गुन्हेगार कोण ते माझ्या लक्षात आलं. शेवटचं प्रकरण उघडून ताडून पाहिलं. मी बरोबर होते.